सेरोटोनिन पोटातच राहतं, मेंदूकडे जातो तो निरोप

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्याचं वय ३२, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम. गेल्या वर्षी मे महिन्यात उलट्या-जुलाब झाले, दोन दिवस सलाईन लागलं. ते दुखणं बरं झालं, पण पोट पूर्वीसारखं राहिलं नाही. रोज सकाळी कामावर निघायच्या आधी मुरडा येतो, तीन-चार वेळा संडासला जावं लागतं, दुपारनंतर सगळं ठीक. रविवारी बहुतेक काहीच त्रास नाही. रक्त, सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी रात्री घ्यायला अमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी दिली. मेडिकलवाला म्हणाला, ‘ही तर डिप्रेशनची गोळी आहे’, म्हणून चार दिवसांत बंद केली. मग एका व्हिडिओत ऐकलं की शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन, म्हणजे ‘आनंदाचं रसायन’, आतड्यातच तयार होतं. आता विचारणं असं: आधी पोट बिघडलं की मन? आतड्यातले जंतू सुधारले तर मनही सुधारेल का? आणि मित्र सांगतो तो प्रोबायोटिकचा महागडा डबा घ्यावा का?

मी सोलापुरात २४ वर्षं पोटाचेच पेशंट बघतोय. पूर्वी पेशंट यायचे ते ‘डॉक्टर, पोट साफ होईना गेलंय’ एवढंच घेऊन. आता त्याच वाक्याच्या पाठोपाठ सेरोटोनिन येतं. त्याबद्दल तक्रार नाही, फक्त अर्धी गोष्ट पोचलीय आणि उरलेली अर्धीच तुमच्या उपयोगाची आहे.

९० टक्क्यांचा आकडा खरा आहे. काही जण ९५ म्हणतात, त्यावरून भांडायला नको. आतड्याच्या आतल्या अस्तरात एंटेरोक्रोमाफिन नावाच्या पेशी असतात. अस्तराच्या एकूण पेशींत त्यांचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी, पण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन त्याच बनवतात. इटलीत व्हिट्टोरिओ अर्स्पामेर यांना १९३० च्या दशकात हा पदार्थ सापडला तो आतड्याच्याच अस्तरात, आणि त्यांनी नावही ‘एंटेरामिन’, म्हणजे आतड्यातलं अमिन असं ठेवलं. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकला रक्ताच्या सीरममधून रक्तवाहिन्या आकसवणारा एक पदार्थ वेगळा काढला, त्याला नाव दिलं सेरोटोनिन. दोन्ही एकच, हे १९५२ मध्ये कळलं. मेंदूत ते आहे हे बेट्टी ट्वारोग यांनी त्यानंतर दाखवलं. म्हणजे जन्मनोंदीप्रमाणे बघितलं तर हे पोटाचं रसायन. मेंदूशी त्याचं नाव नंतर जोडलं गेलं आणि मग तेच चिकटलं.

आता व्हिडिओत सहसा जे सांगत नाहीत ते. आतड्यातलं सेरोटोनिन मेंदूत जात नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये रक्तवाहिन्यांच्या भिंतींचाच एक कडक पहारा आहे, आणि सेरोटोनिनला त्यातून आत सोडत नाहीत. मेंदू आपल्यापुरतं सेरोटोनिन स्वतः बनवतो. कच्चा माल एकच, ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल, ते मात्र मेंदूत जाऊ शकतं. पण बनवणारं विकर (एन्झाइम) आतड्यात वेगळं आणि मेंदूत वेगळं. मेंदूतलं ते वेगळं विकर सापडलं २००३ मध्ये, म्हणजे मी प्रॅक्टिस सुरू केल्यानंतर. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि मालकाच्या घरी दोन्हीकडे सूत असतं, पण म्हणून शेडमधलं सूत वाढलं की मालकाच्या घरची चादर आपोआप तयार होते असं नाही. तसंच आहे हे.

त्यामुळे ‘केळं खा, त्यात सेरोटोनिन असतं, मूड सुधारतो’ हे ऐकलं की मला हसू येतं. केळ्यात ते असतं हे खरं. इतकं असतं की सेरोटोनिन मोडून लघवीत उतरणारा पदार्थ मोजायची एक २४ तासांची तपासणी असते, तिच्या आधी आम्ही केळी, टोमॅटो, अननस बंद करायला सांगतो. पण ते केळ्यातलं सेरोटोनिन मेंदूपर्यंत पोचत नाही. केळं खा, केळं चांगलंच आहे. कारण मात्र वेगळं आहे, त्याकडे पुढे येतो.

ती २४ तासांची तपासणी कोणासाठी असते, ते सांगतो, म्हणजे ‘आनंदाचं रसायन’ या नावाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवाल. आतड्याच्या याच पेशींची एक गाठ असते, कार्सिनॉइड म्हणतात. ती यकृतापर्यंत पसरली की रक्तात सेरोटोनिनचा पूर येतो. माझ्याकडे असा एक शेतकरी आला होता, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावचा, पन्नाशीतला. समोर बसून बोलता बोलता त्याचा चेहरा, मान, छाती एकदम लालबुंद झाली, ब्याडगी मिरची पाण्यात भिजवल्यावर होते तशी. दोन-तीन मिनिटांत उतरली. तो ओशाळून म्हणाला, ‘असंच होतंय डॉक्टर, दारू पीत नाही मी.’ दिवसाला दहा-बारा जुलाब. शरीरात त्याच्याइतकं सेरोटोनिन माझ्या दवाखान्यात दुसऱ्या कोणाच्या अंगात नसेल, आणि त्याच्याइतका दमलेला, कावलेला माणूसही त्या आठवड्यात दुसरा बघितला नव्हता. पोटातलं सेरोटोनिन जास्त झालं तर माणूस आनंदी होत नाही, त्याला जुलाब होतात.

(मेंदूतलं सेरोटोनिन कमी म्हणजे डिप्रेशन, हे समीकरणही वाटतं तितकं पक्कं नाही. जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात या समीकरणाला भक्कम पुरावा सापडला नाही. औषधांचा उपयोग होतो की नाही हा वेगळा प्रश्न, आणि अनेकांना होतो. ज्यांचं औषध चालू आहे त्यांनी हे वाचून ते बंद करू नये.)

मग पोटात त्याचं काम काय? ढकलायचं आणि कळवायचं.

१८९९ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या आणि पाहिलं, की आतडं तरीही माल पुढे ढकलतंच. घास जिथे असेल त्याच्या मागे आकसतं, पुढे सैल होतं. मेंदूला विचारत नाही. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, दहा कोटींच्या वर पेशींचं. मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबतो, मालकाला विचारायला ऑफिसात जात नाही. ही व्यवस्था तशीच आहे. आणि हे चक्र सुरू करायची कळ म्हणजे सेरोटोनिन, असं १९५० च्या दशकात ऑक्सफर्डला एडिथ ब्युलब्रिंग यांनी दाखवलं. अन्न अस्तरावर दाबलं की त्या एंटेरोक्रोमाफिन पेशी सेरोटोनिन सोडतात, ते शेजारच्या नसेच्या टोकाला लागतं, आणि आतडं हलतं. काम झालं की आजूबाजूच्या पेशी ते शोषून घेतात, नाहीतर आतडं चालूच राहील.

आणि कळवायचं म्हणजे? मेंदूपासून पोटापर्यंत एक लांब नस येते, व्हेगस. नाव ऐकलं असेल. लोकांना वाटतं ती मेंदूचे हुकूम खाली आणते. आणते, पण तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू वर जाणारे आहेत. खालून वर खबर जास्त जाते, वरून खाली हुकूम कमी. तर सेरोटोनिन स्वतः मेंदूत जात नाही, ते या तारेचं टोक छेडतं, आणि निरोप वर जातो. मेंदूकडे पोचतो तो निरोप. या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहितोय.

पुरावा हवा असेल तर कॅन्सरच्या कोणत्याही केमोच्या वॉर्डात मिळेल. सिस्प्लॅटिन नावाचं औषध शिरेतून देतात. ते आतड्याच्या त्या पेशींना असं डिवचतं की त्या भराभर सेरोटोनिन सोडतात, व्हेगसची तार झणझणते, आणि मेंदूतलं उलटीचं केंद्र पेटतं. मी शिकत असताना पेशंट तासन्‌तास बादलीवर वाकलेले बघितलेत. त्या तारेवरचा सेरोटोनिनचा खटका बंद करणारं औषध आलं, ऑन्डान्सेट्रॉन, आणि वॉर्डाचा वासच बदलला. हेच औषध आज तुमच्या घरात उलटी लागली तर असावं म्हणून पडलेलं असेल. त्याने बद्धकोष्ठ होतं, हेही तुम्ही अनुभवलं असेल. एकाच खटक्याची दोन टोकं: वर उलटी थांबते, खाली आतडं मंदावतं. डिप्रेशनची एस्सिटॅलोप्रॅमसारखी गोळी सुरू केली की पहिला आठवडा-दोन आठवडे मळमळ आणि पातळ संडास होते, तीही याच कारणाने. मनाची गोळी आधी पोटाला लागते.

आता जंतू. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जंतू असतात, बहुतेक मोठ्या आतड्यात, एकूण वजन २०० ग्रॅमच्या आसपास. ‘शरीराच्या पेशींच्या दहापट जंतू’ हा जुना आकडा २०१६ मध्ये नीट हिशेब केल्यावर पडला. प्रमाण जवळपास सारखंच निघालं. तुम्ही हिशेबाचं काम करता म्हणून मुद्दाम सांगितलं.

२०१५ मध्ये कॅल्टेकमध्ये इलेन श्याओ यांच्या गटाने जन्मापासून जंतूविरहित वाढवलेले उंदीर घेतले. त्यांच्यात सेरोटोनिन नेहमीच्या उंदरांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी कमी निघालं. बीजाणू तयार करणाऱ्या जंतूंचा एक गट त्यांच्या आतड्यात सोडला की ते भरून आलं. इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. त्या जंतूंनी स्वतः सेरोटोनिन बनवून दिलं असं नव्हे. त्यांनी सोडलेल्या पदार्थांनी आतड्याच्या पेशींना कामाला लावलं. आपण कोंडा, साल, न पचणारी पिष्टं खातो, ती मोठ्या आतड्यात जंतू आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधनच ब्युटिरेट आहे. आणि केळ्याचं जे खरं कारण म्हणालो ते हेच, त्यातही थोडं कच्चं केळं जास्त कामाचं.

मनावर परिणाम होतो का? उंदरात, होय. २००४ मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठात दिसलं की जंतूविरहित उंदीर डांबून ठेवले तर त्यांच्यात तणावाचे संप्रेरक जास्तच उसळतात, आणि लहानपणीच विशिष्ट जंतू दिले तर ते आवरतं. २०११ मध्ये लॅक्टोबॅसिलसचा एक वाण, जेबी-१, दिलेले उंदीर कमी घाबरट झाले. कळीचा भाग हा की व्हेगस नस कापल्यावर तो परिणामच नाहीसा झाला. पुन्हा तार. हे वाचलं तेव्हा मीही हुरळलो होतो, दोन-तीन सभांत बोललोसुद्धा. मग २०१७ मध्ये तोच वाण निरोगी पुरुषांना देऊन पाहिला. तणाव, चिंता, झोप, काहीच फरक नाही. उंदीर बरे झाले, माणसं होती तशीच राहिली. तेव्हापासून डब्यावर उंदराच्या अभ्यासाचा दाखला दिसला की मी डबा खाली ठेवतो.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: जंतू बदलल्याने डिप्रेशन जातं, असं म्हणण्याइतकं आज हातात काही नाही. रस्ता आहे हे दिसलंय, त्यावरून काय कसं न्यायचं ते अजून जमलेलं नाही.

तुमच्या स्वतःच्या पोटाकडे येतो, कारण तुमची कहाणी मी उन्हाळ्यानंतर दर वर्षी ऐकतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही. घराघरांत बॅरल, टाक्या, पिंप, त्यात वरून बुडवून घेतलेला तांब्या. मे-जूनमध्ये गॅस्ट्रोचे पेशंट वाढतात, आणि दिवाळीच्या सुमारास त्यांतलेच काही माझ्याकडे परत येतात: ‘तवापासनं पोट बिघडलंय ते बिघडलंयच.’ याला आम्ही संसर्गानंतरचा आयबीएस म्हणतो (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतडं चिडखोर होऊन बसणं). गॅस्ट्रो झालेल्या साधारण दहांत एकाला होतो. कॅनडात वॉकरटन या छोट्या गावात मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळले, हजारो लोक आजारी पडले, सात जण दगावले. त्या गावावर डॉक्टरांनी आठ वर्षं लक्ष ठेवलं. गॅस्ट्रो झालेल्यांपैकी दोन-तीन वर्षांनी सुमारे २८ टक्के लोकांना आयबीएस होता, आठ वर्षांनी तो १५ टक्क्यांवर आला. यातला उतार बघा. हे दुखणं बहुतेकांत हळूहळू ओसरतं.

होतं काय, तर जंतू गेले तरी अस्तरात बारीकशी धग राहते. काही जणांत सेरोटोनिनच्या पेशी वाढलेल्या असतात, आणि सोडलेलं सेरोटोनिन शोषून घेणारी यंत्रणा ढिली पडलेली असते. म्हणजे कळ लवकर दाबली जाते आणि लवकर सुटत नाही. त्यात नसेचं टोक हुळहुळं झालेलं. दुसऱ्याला जे नुसतं पोटात काही हललं असं वाटेल, ते तुम्हाला मुरडा म्हणून लागतं. दुर्बिणीत हे दिसत नाही. दुर्बीण भिंतीचा रंग दाखवते, भिंतीतली वायर नाही. म्हणून ‘सगळं नॉर्मल’ याचा अर्थ ‘काही झालेलंच नाही’ असा नव्हे.

मग रविवारी बरं का असतं? कारण वरून खाली येणारे हुकूम. सहा वाजून चाळीस मिनिटं झाली, बस, साहेब, महिनाअखेर, हे मनात आलं की मेंदू ताणाचे संदेश खाली पाठवतो आणि मोठं आतडं जोरात आकसतं. ते सगळ्यांचंच आकसतं, परीक्षेच्या सकाळी शाळेतल्या संडासासमोरची रांग आठवा. तुमचं आधीच हुळहुळं आहे, म्हणून तुम्हाला तीनदा जावं लागतं. यात ओशाळण्यासारखं काही नाही, आणि हे काही नव्यानेही कळलेलं नाही. १८२२ मध्ये अमेरिकेत अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या माणसाला पोटात गोळी लागली, जखम भरली पण जठराला बाहेरून भोक राहिलं. त्याच्या डॉक्टरने, विल्यम बोमाँटने, त्या भोकातून कितीतरी वर्षं जठर बघितलं. पेशंट चिडला की जठराच्या अस्तराचा रंग आणि पाझर बदलतो, असं त्याने लिहून ठेवलंय. आपल्या आज्यांनी मात्र कुठल्याही भोकातून न बघता ‘पोटात गोळा आला’ आणि ‘पोटतिडकीनं बोलला’ असे शब्द करून ठेवले होते.

आधी पोट की आधी मन, यावर ऑस्ट्रेलियात काही लोकांचा १२ वर्षं मागोवा घेतला. सुरुवातीला चिंता होती पण पोट ठीक होतं, अशांना पुढे पोटाचा त्रास जास्त झाला. आणि सुरुवातीला पोटाचा त्रास होता पण मन ठीक होतं, अशांना पुढे चिंता आणि नैराश्य जास्त झालं. दोन्ही दिशा खऱ्या. तुमच्या बाबतीत तारखाच बोलतात: मे महिन्यापर्यंत तुमचं ठीक होतं, पहिलं पाऊल पोटाने टाकलं. नंतर मन त्यात ओढलं गेलं.

इथे एक कबुली. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही ‘टेन्शन घेऊ नका, काही नाही तुम्हाला’ म्हणून फाईल बंद करायचो. बार्शीकडच्या एक बाई होत्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या. ‘बेंबीच्या उजव्या बाजूला दुखालंय’ म्हणून तीनदा आल्या. तिन्ही वेळा मी आयबीएस लिहिलं आणि घरच्या कटकटींची चौकशी केली, त्या होत्याही. पाच महिन्यांनी आल्या त्या आठ किलोंनी उतरून. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर टीबी निघाला. वजनाचा काटा माझ्या टेबलाशेजारीच होता, मी त्यांना त्यावर उभंच केलं नव्हतं. औषधांनी बऱ्या झाल्या, पण तेव्हापासून माझ्याकडे वजन घेतल्याशिवाय कोणी खुर्चीत बसत नाही.

तेव्हा तुम्हीही स्वतःला विचारून घ्या: वजन उतरलंय का, संडासातून रक्त जातं का, रात्री झोपेतून उठून जावं लागतं का, ताप येतो का, हिमोग्लोबिन कमी आहे का, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर आहे का. यातलं एकही ‘हो’ असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि पुन्हा तपासून घ्या. पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला तरीही तेच. थायरॉईडची तपासणी झालीय का तेवढं रिपोर्टात बघा, ती पुष्कळदा राहून जाते.

आता ती गोळी. मेडिकलवाला खोटं बोलला नाही, अमिट्रिप्टिलिन डिप्रेशनचं जुनं औषध आहे. पण डिप्रेशनला ते सहसा ७५ ते १५० मिलिग्रॅम लागतं. १० मिलिग्रॅममध्ये ते मनाचं औषध राहत नाही, नसेची हुळहुळ कमी करतं आणि आतडं थोडं मंदावतं. इंग्लंडमध्ये ४६३ पेशंटवर झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते ३० मिलिग्रॅम, सहा महिने. पोटाचा त्रास खोट्या गोळीपेक्षा स्पष्ट कमी झाला. चिंता आणि नैराश्याच्या मोजमापात मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणजे मन सुधारलं म्हणून पोट सुधारलं असं झालं नाही, गोळी पोटाच्या तारेवरच लागली. तुमच्या डॉक्टरांचं चुकलं एवढंच की हे त्यांनी दोन मिनिटं बसून सांगितलं नाही. बाहेर चाळीस पेशंट असतात, मला ठाऊक आहे, तरी चुकलंच. चार दिवसांत तिचा गुण कळत नाही, तीन-चार आठवडे लागतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी थोडी सुस्ती राहते, म्हणून रात्री आठ-साडेआठला घ्यायची. बद्धकोष्ठ होतं, ते तुमच्या बाबतीत फायद्याचंच. काचबिंदू, लघवी अडकणं किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष असेल तर ती चालत नाही, आणि स्वतःच्या मनाने वाढवायची नाही.

सरळ सेरोटोनिनच्या खटक्यावर मारणारी आयबीएसची औषधंही आहेत, पण त्यांचा इतिहास जपून वागायला शिकवतो. अलोसेट्रॉन अमेरिकेत २००० मध्ये आलं आणि त्याच वर्षी बाजारातून काढावं लागलं, काहींच्या मोठ्या आतड्याचा रक्तपुरवठाच तुटला. २००२ मध्ये कडक अटींवर परत आलं.

प्रोबायोटिकचा डबा. अमेरिकेच्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की आयबीएससाठी प्रोबायोटिक संशोधनातच वापरावं. ब्रिटिश डॉक्टर जरा मवाळ आहेत: हवं तर १२ आठवड्यांपर्यंत घेऊन बघा, फरक नसेल तर बंद करा. माझं म्हणणं असं, की पैसे मोजताना जड वाटत असतील तर घेऊच नका. घ्यायचं तर एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करा, गोळी आणि डबा एकाच दिवशी नको, म्हणजे कशाने बरं वाटलं ते कळेल. घरचं ताक घ्या, मानवतं तोवर. त्याला औषध समजू नका. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जुलाब झाले की मेडिकलमधून दोन-तीन अँटिबायोटिकच्या एकत्र गोळ्या घेणं सोडा. ज्या जंतूंसाठी तुम्ही डबा घ्यायला निघालात त्यांच्यावरच तो नांगर फिरतो.

खाण्याचं म्हणाल तर आपण नशीबवान आहोत. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, तिची भाकरी, कडक भाकरीसुद्धा, जंतूंना खायला चांगलं पुरवते आणि गव्हाइतकी पोट फुगवत नाही. गहू, कांदा, लसूण यांत फ्रुक्टन नावाची साखरेची साखळी असते, ती आपल्याला पचत नाही, जंतू तिचा गॅस करतात. निरोगी पोटाला तो गॅस काहीच करत नाही, तुमच्या पोटाला तो मुरडा वाटतो. म्हणून तीन-चार आठवडे रात्रीची चपाती सोडून भाकरी करा, शेंगाचटणीत लसूण कमी घाला आणि बघा. कायमचं बंद काही करू नका, जंतूंनाही वाण्याच्या दुकानासारखा वेगवेगळा माल लागतो. डाळिंब आवडत असेल तर खा. त्यातल्या काही द्रव्यांपासून युरोलिथिन बनवणारे जंतू सगळ्यांच्या पोटात नसतातच, एवढे एकेकाचे जंतू वेगळे. हुरडा मात्र बेताने. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास शेतावरच्या हुरडा पार्ट्या होतात, आणि सोमवारी माझ्या बाकावर फुगलेली पोटं रांगेने बसलेली असतात.

सकाळचं वेळापत्रक चाळीस मिनिटांनी अलीकडे ओढा. चहा रिकाम्या पोटी दोनदा घेत असाल तर एकदा घ्या. चहा झाल्यावर दहा मिनिटं नुसतं बसून संथ श्वास घ्या, सोडताना घेण्यापेक्षा लांब. व्हेगसच्या तारेवर बाहेरून हात ठेवायचा एवढाच फुकट मार्ग आपल्याकडे आहे. गोळी आणि खाणं दोन्ही करून तीन महिन्यांत फरक नसेल तर आयबीएससाठी म्हणून समुपदेशनाची ठरावीक पद्धत असते, तिने गुण येतो. त्यासाठी मानसोपचार तज्ज्ञांकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. आणि खरोखरच मन खचलं असेल, कशातच रस उरला नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ताक, भाकरी, जंतू हे सगळं विसरा आणि थेट त्यांच्याकडे जा, किंवा १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलतात.

तूर्तास तुमच्याच डॉक्टरांकडे परत जा. गोळी चार दिवसांत सोडली हे लपवू नका, नाहीतर ते समजतील लागू पडली नाही आणि वाढवतील. जाताना दोन आठवड्यांची एक वही न्या, तुम्हाला रकाने आखायचा सराव आहेच: किती वाजता गेलात, कशी झाली, आदल्या रात्री काय खाल्लं. रविवारचं पानही कोरं सोडू नका, त्या दिवशी सकाळी काय काय नव्हतं ते त्यात लिहा.